पॅचवर्कमध्ये सांधे आणि कोपरे जुळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्विल्ट शिवणाऱ्या आणि नव्याने शिकणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. मापं इंचात आहेत, बारीक मापं सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच. शिवणीच्या पलीकडे कडेला जे कापड राहतं त्याला सगळीकडे ‘माया’ म्हटलं आहे, तुकडे जोडून झालेल्या एका चौकोनाला ‘ब्लॉक’, आणि शिवणी एकमेकींना भेटतात त्या जागेला ‘सांधा’. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमच्या आजीच्या गोधडीत कुठल्याच मापाचे तुकडे नसायचे, तरी ती छान सपाट असायची. मग क्विल्टलाच एवढं काटेकोर कशाला?

दोन्हींची बांधणी वेगळी आहे. गोधडीत खाली जुन्या लुगड्यांचे थर असतात. त्यावर तुकडा ठेवायचा, कडा आत मुडपायची आणि सगळे थर धरून धावदोरा घालायचा. तुकडा दोन सूत मोठा निघाला तर जास्त मुडपला, लहान निघाला तर शेजारचा त्याच्यावर चढवला. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही अशीच: बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून फेरीफेरीने मध्याकडे यायचं, हाताला लागेल तो तुकडा बसवत. तिथे जुळवायला सांधाच नसतो.

पॅचवर्कमध्ये, म्हणजे क्विल्टचा वरचा थर जोडताना, तुकडे आधी एकमेकांना शिवले जातात, खालचे थर नंतर येतात. त्यामुळे एका तुकड्यातली चूक शेजारच्याच्या गळ्यात पडते. सांधा चुकलेला दिसतो शेवटच्या शिवणीत, पण तो बिघडलेला असतो बरंच आधी: कापताना, माया धरताना किंवा इस्त्री करताना. म्हणून खालची बरीच उत्तरं सांध्यापासून सुरू न होता मागच्या पायऱ्यांपासून सुरू होतात. मापाचा कंटाळा असेल तर खुशाल गोधडी शिवा. ती काही खालच्या पायरीवरची कला नव्हे.

२. माया किती धरायची? आमचा शिंपी तर अर्धा-पाऊण इंच सोडतो.

पाव इंच. ब्लाउजमध्ये माया जास्त ठेवतात ती पुढेमागे सैल करता यावं म्हणून. क्विल्टचा ब्लॉक कुणी सैल करत नाही आणि जास्तीची माया नुसता जाडपणा वाढवते. क्विल्टचे बहुतेक नमुने पाव इंचावरच मांडलेले असतात, त्यामुळे चौकोन किंवा आयताचा हिशेब सोपा: शिवल्यावर जेवढं माप हवं, त्यात अर्धा इंच मिळवा. तीन इंचाचा चौकोन दिसायला हवा तर साडेतीन इंचाचा कापा. त्रिकोणांचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

३. “पाव इंचापेक्षा किंचित कमी” असं सगळे सांगतात. किंचित म्हणजे नक्की किती?

कापडाचे एक-दोन धागे. शिवण घालून कापड एका बाजूला वळवलं की घडीच्या जाडीत थोडं कापड जातं, ते भरून काढण्यासाठी ही सूट. मलमलीला जवळजवळ लागतच नाही. जाड खादीला दोन धागेही पुरत नाहीत. त्यामुळे ‘किंचित’चा आकडा पाठ करून उपयोग नाही, प्रत्येक कापडावर पुढच्या उत्तरातली चाचणी करा.

४. माझी माया बरोबर येते आहे का हे कसं तपासायचं?

दीड इंच रुंदीच्या, साधारण सहा इंच लांबीच्या तीन पट्ट्या कापा. लांबीत एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मोजा. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच भरल्या पाहिजेत. मधली पट्टी वरपासून खालपर्यंत सारखी रुंद आहे का हेही बघा.

माया मोजू नका, जे तयार झालं ते मोजा. मोजपट्टीने मायेवर पाव इंच अगदी नेमका भरतो आणि तरीही मधली पट्टी एक इंचापेक्षा कमी निघते, कारण वर सांगितलेली घडी. एकूण रुंदी एक सूत कमी आली तर तुमची प्रत्येक शिवण पाव सूत जास्त आत जाते आहे. मशीनवरची खुणेची चिकटपट्टी (प्रश्न ६) तेवढी सरकवा आणि पुन्हा तीन पट्ट्या जोडा. कापड बदललं, दोरा बदलला, सुई बदलली किंवा दुसऱ्या मशीनवर बसलात तर परत करा.

५. पण अर्ध्या सुताने असा काय फरक पडतो?

नऊ घरांचा साधा ब्लॉक घ्या. साडेतीन इंचाचे चौकोन, एका ओळीत तीन. शिवून तो साडेनऊ इंच भरायला हवा. माया अर्धा सूत जास्त गेली, तर शिवणीच्या दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा, म्हणजे एका शिवणीमागे एक सूत कापड कमी होतं. ओळीत शिवणी दोन, म्हणजे ब्लॉक सव्वानऊ इंचाचा झाला. आता तो शेजारच्या अख्ख्या, साडेनऊ इंचाच्या तुकड्याला जोडायला घेतलात की पाव इंच कुठून आणणार? आणि ज्या ब्लॉकमध्ये एका ओळीत सहा शिवणी आहेत, तिथे हाच फरक पाऊण इंच होतो. म्हणूनच “माझे साधे ब्लॉक जुळतात, बारीक तुकड्यांचे जुळत नाहीत” ही तक्रार इतक्या वेळा येते.

६. माझ्याकडे पायाने चालवायची काळी मशीन आहे. तिला पाव इंचाचा वेगळा फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) नाही. काय करू?

फुटाची गरज नाही. साध्या फुटाच्या कडेवर मात्र विसंबू नका, सुईपासून त्या कडेचं अंतर पाव इंच असेलच असं नाही. फूट वर ठेवून त्याखाली पारदर्शक मोजपट्टी अशी सरकवा, की तिची उजवी कड बाहेर आणि पाव इंचाची रेघ सुईखाली येईल. हातचाक फिरवून सुईचं टोक त्या रेघेवर अलगद टेकवा. मोजपट्टीच्या उजव्या कडेला लागून मशीनच्या पाटावर चिकटपट्टी लावा. एक थर पुरत नाही, सहा-सात थर एकावर एक लावा, म्हणजे कापडाला टेकायला उभी कड मिळते. कापड सरकवणाऱ्या दातांवर ती येऊ देऊ नका. बऱ्याच काळ्या मशीनच्या पाटावर सुईच्या उजवीकडे स्क्रूची भोकं असतात. त्यात बसणारं लोखंडी गाइड मशीनच्या सामानाच्या डबीत पडलेलं असेल तर शोधून काढा, चिकटपट्टीपेक्षा ते चांगलं.

शिवताना नजर गाइडवर ठेवा. सुईकडे बघत शिवणाऱ्यांची शिवण हमखास लाटा घेते.

काळ्या मशीनची एक गोष्ट क्विल्टसाठी फार चांगली आहे: तिच्या सुईचं भोक लहान असतं, त्यामुळे कापडाचा कोपरा सहसा आत ओढला जात नाही. झिगझॅग मशीनवर ही अडचण येते, तिचा उपाय पुढच्या उत्तरात आहे.

७. शिवणीच्या सुरुवातीला मशीन कोपरा खाते, आणि शेवटी शिवण वाकडी होते.

सुरुवातीसाठी: आधी एका चिंधीवर चार टाके घाला आणि दोरा न तोडता त्याच्या पाठोपाठ खरा तुकडा सरकवा. त्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा, अशी साखळीच शिवत गेलात तर दोराही वाचतो.

शेवटासाठी: शेवटच्या अर्ध्या इंचात बोटं फुटाजवळ पोचू शकत नाहीत, कापड मोकळं सुटतं आणि डावीकडे किंवा उजवीकडे फिरतं. नेमक्या त्याच अर्ध्या इंचात पुढचा सांधा येणार असतो. टोच्याने किंवा उसवणीच्या टोकाने कापड गाइडला धरून ठेवा आणि सुई कडेच्या बाहेर जाईपर्यंत सोडू नका.

८. रोटरी कटर आणि मॅट नाही. साध्या कातरीने कापून सांधे जुळतील का?

जुळतील. साचा चांगला हवा एवढंच. पुठ्ठ्याचा साचा पंधरा-वीस वेळा आखल्यावर कडेला झिजतो आणि तुकडे हळूहळू लहान होत जातात. त्याऐवजी फाइलच्या जाड प्लॅस्टिकचा साचा करा, मायेसकट. पेन्सिलीला बारीक टोक ठेवा आणि कातर रेघेच्या आतल्या अंगाने चालवा, म्हणजे रेघेची जाडी तुकड्यात मिळत नाही. चार-चार थर एकदम कापू नका, खालचा थर सरकतो.

कटर असो वा कातर, संपूर्ण क्विल्टभर एकच मोजपट्टी वापरा. शिवणकामाची जुनी टेप ताणलेली असते, ती अंगाची मापं घ्यायला ठीक आहे.

९. कापड आधी धुवायचं की नाही?

आपल्याकडचं सुती कापड धुवाच. पॉपलीन, केंब्रिक, हातमाग, ब्लॉकप्रिंट हे सगळं वेगवेगळ्या प्रमाणात आटतं, आणि एकाच ब्लॉकमध्ये एक आटलं आणि दुसरं नाही आटलं, की पहिल्या धुण्यात जुळलेला कोपरासुद्धा ओढला जातो. धुतलेलं कापड मात्र लुळं होतं. त्याला खळ द्या: तांदळाच्या पेजेची चालेल, बाजारातली फवारायची चालेल. खळ दिलेलं कापड कागदासारखं कापलं जातं आणि शिवताना सरकत नाही. खळ देऊन, इस्त्री करून मगच कापायचं. कापल्यावर खळ दिली तर तुकड्याचा आकार बदलतो.

१०. त्रिकोण जोडला की त्याची बाजू लांबते आणि ब्लॉक लाटेसारखा होतो. शिवण तर सरळ आहे.

ती बाजू उरेब आहे. चौकोन कर्णावर कापला की कापलेली कड ना उभ्या धाग्यात असते ना आडव्या, आणि नुसत्या हाताळण्यानेही ती ताणते. उपाय दोन. शक्य असेल तिथे आधी शिवा आणि मग कापा (प्रश्न १६), म्हणजे उघडी उरेब कड हातात येतच नाही. आणि ब्लॉकची बाहेरची कड नेहमी सरळ धाग्यात राहील असे तुकडे कापा.

सरळ धागा कुठे आहे हे दुकानात फाडलेल्या कडेवरून समजतं, कातरीने कापलेल्या कडेवरून नाही. पॉपलीन आणि केंब्रिक स्वतःच एकदा फाडून घ्या आणि तिथून मोजायला लागा.

११. इस्त्री करताना माया एका बाजूला वळवायची की दोन्ही बाजूंना उघडायची?

सर्वसाधारणपणे एका बाजूला, गडद रंगाकडे. त्याने दोन फायदे होतात: गडद माया फिक्या कापडाखालून डोकावत नाही आणि पुढच्या सांध्यात शिवणी एकमेकींत बसवता येतात (प्रश्न १२). एका बिंदूत सहा-आठ शिवणी येत असतील तिथे उघडून. उघडायची असेल तर टाका बारीक ठेवा, इंचाला बारा-तेरा, नाहीतर पुढून दोरा दिसतो.

दिशेपेक्षा इस्त्री कशी फिरते हे जास्त महत्त्वाचं आहे. आधी शिवण आहे तशी, न उघडता, दाबून घ्या, त्याने टाके कापडात बसतात. मग गडद कापड वर उलटवून सुलट बाजूने इस्त्री ठेवा, उचला, पुढे ठेवा. शर्टाला करतो तशी घासत नेऊ नका, त्याने ब्लॉक ताणून कमानीसारखा होतो. शिवणीलगत बारीक चुणी राहिली, तर तेवढं कापड मापातून गेलं. पाव इंच अगदी बरोबर शिवणाऱ्यांचे ब्लॉकही लहान येतात त्याचं हे नेहमीचं कारण आहे. वाफ शेवटी, ब्लॉक पूर्ण झाल्यावर.

१२. शिवणी “एकमेकींत बसवायच्या” म्हणजे नक्की काय करायचं?

पॅचवर्कमधली एकच युक्ती शिकायची असेल तर ही शिका. ज्या दोन ओळी जोडायच्या त्यांच्या माया उलट दिशांना वळलेल्या हव्यात. नऊ घरांच्या ब्लॉकमध्ये सगळ्या माया गडद चौकोनाकडे वळवल्या तर हे आपोआप होतं: गडद-फिका-गडद ओळीत त्या बाहेर जातात, फिका-गडद-फिका ओळीत आत येतात.

आता दोन ओळी सुलट बाजू आत करून एकीवर एक ठेवा. सांधा अंगठा आणि तर्जनीत धरून दोन्ही ओळी एकमेकींवर हलक्या हाताने पुढेमागे सरकवा. आधी बोटाला पायरी लागेल, म्हणजे एक माया दुसरीवर चढली आहे. अजून सरकवलं की मध्ये खाच लागेल, म्हणजे दोघींत फट पडली. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी येते की बोटाला काहीच लागत नाही, सगळं सपाट. तिथे थांबा. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळतं, त्यामुळे सुरुवातीला डोळे मिटून केलं तरी हरकत नाही.

शिवताना वरच्या ओळीची माया सुईकडे तोंड करून हवी. म्हणजे फूट तिला पुढे ढकलतो आणि ती खालच्या मायेला घट्ट भिडते. उलटी ठेवली तर तोच फूट दोघींना वेगळं करतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही मायांतून, एकेक टाचणी लावा.

१३. ओळी जोडायला घेतल्यावर कळलं की दोन्ही माया एकाच बाजूला वळलेल्या आहेत. आता?

एखादाच सांधा असेल तर तेवढ्यापुरती माया बोटाने उलट वळवून इस्त्री करा. ओळीच्या दुसऱ्या टोकाला ती मूळ दिशेलाच असेल, म्हणजे मध्ये पीळ राहील आणि थोडी जाडी येईल. उशीच्या अभ्र्याला चालतं. मोठ्या क्विल्टमध्ये, जिथे वरून हाताने टाके घालायचे आहेत, तिथे तो पीळ सुईला लागतो. त्यापेक्षा अख्खी शिवण पुन्हा इस्त्री करा. आधीची घडी जात नसेल तर पाण्याचा हात लावा.

पुढच्या वेळी ओळी जमिनीवर मांडून प्रत्येक ओळीच्या उलट बाजूला खडूने बाण काढा: पहिली ओळ उजवीकडे, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे.

१४. टाचण्या लावूनसुद्धा सांधा सरकतो.

तीन गोष्टी बघा. टाचणी जाड आहे का? मोठ्या रंगीत मण्याच्या स्वस्त टाचण्यांनी कापडाला उंचवटा येतो आणि सांधा तेवढा हलतो. टाचणी शिवणीला काटकोनात आहे का, आणि सुई अगदी जवळ येईपर्यंत तुम्ही ती काढत नाही ना? आणि फुटाचा दाब किती आहे? जुन्या मशीनच्या डोक्यावर फुटाच्या दांड्याचा स्क्रू असतो. तो फार घट्ट असेल तर फूट वरचा थर पुढे रेटत नेतो. अर्धा-एक आटा सैल करून बघा.

तरीही सरकत असेल तर सांध्यावर फक्त इंचभर, सगळ्यात लांब टाक्याने शिवा. उघडून बघा. बरोबर असेल तर पूर्ण शिवण नेहमीच्या टाक्याने घाला. चुकलं असेल तर उसवायला पाच-सहा टाकेच आहेत. मी अवघड सांध्यांना हेच करायला सांगते. वेळ जातो असं वाटतं, पण उसवण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा तो कमीच असतो.

१५. एक ओळ दुसरीपेक्षा थोडी लांब भरते. ओढून जुळवू का?

नऊ इंचात सूतभर फरक असेल तर सामावतो. दोन्ही टोकं आणि सगळे सांधे आधी टाचा, आणि जास्तीचं कापड दोन टाचण्यांच्या मध्ये सारखं पसरवा. लांब तुकडा खाली ठेवा, मशीनचे दात खालचा थर थोडा जास्त ओढून घेतात आणि फुगा जिरतो. आखूड तुकडा ओढून ताणू नका, इस्त्री लागली की तो परत आखडतो.

फरक त्याहून जास्त असेल तर हा सांध्याचा प्रश्नच नाही. प्रश्न ४ आणि ५ कडे परत जा.

१६. दोन त्रिकोणांचा चौकोन मला कधीच बरोबर मापाचा येत नाही. मोठा करून छाटणं ही लबाडी नाही का?

नाही, शहाणपणा आहे. नेमका हिशेब असा: शिवल्यावर हवं ते माप अधिक सात सूत. तीन इंचाच्या चौकोनासाठी तीन इंच सात सुताचे दोन चौकोन, एक गडद एक फिका. मी चार इंचाचे कापते. सुलट बाजू आत करून ठेवा, वरच्यावर कर्ण आखा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा आणि मग कर्णावर कापा. दोन चौकोन तयार होतात.

इस्त्री केल्यावर चौकोनी मोजपट्टीची पंचेचाळीस अंशांची रेघ शिवणीवर ठेवून दोन बाजू छाटा, चौकोन फिरवा, उरलेल्या दोन छाटून साडेतीन इंचावर आणा. शिवण कोपऱ्यातून कोपऱ्यात गेली पाहिजे. कोपऱ्याच्या बाजूला गेली, तर तारा किंवा भिरभिरं (असे चौकोन जोडून होणारे नमुने) जोडताना टोक कापलं जाणार हे आत्ताच लिहून ठेवा.

१७. ताऱ्याची टोकं शिवणीत गडप होतात. कधी उलट, टोक शिवणीपासून लांब राहतं.

जोडण्याआधी सुट्या भागाकडे बघा: त्रिकोणाच्या टोकाच्या वर कडेपर्यंत बरोबर पाव इंच कापड आहे का? ‘उडती बदकं’ नावाच्या नमुन्यातल्या, मध्ये मोठा त्रिकोण असलेल्या आयतात तर हीच सगळ्यात महत्त्वाची जागा. टोकाच्या वर सूतभरच राहिलं असेल तर कितीही जपून शिवा, टोक कापलं जाणारच. पाव इंचापेक्षा जास्त असेल तर टोक शिवणीपासून लांब राहणार. तो भाग आत्ताच दुरुस्त करा.

शिवताना त्रिकोणांचा भाग वर ठेवा. उलट बाजूला दोन शिवणी एकमेकींना छेदून फुली झालेली दिसते. ती फुली म्हणजेच टोक. सुई फुलीच्या मधून न नेता कापडाच्या कडेकडे एका धाग्याने सरकवून न्या, म्हणजे घडीची जाडी टोकाला गिळत नाही. फुलीवर पोचताना गाइडपासून कापड किंचित हललं तरी चालेल. तिथे गाइडपेक्षा फुलीचं ऐकायचं.

१८. भिरभिऱ्याच्या मधोमध सगळ्या शिवणी एकत्र येतात. टोकं जुळत नाहीत आणि गाठ होते ती वेगळीच.

चारही चौकोनांच्या तिरक्या शिवणी गडद बाजूला वळवा. जोडताना त्या आपोआप उलट दिशांना येतात आणि एकमेकींत बसतात. कोपऱ्यांतून बाहेर डोकावणारे कापडाचे कान आधी कापून टाका. शेवटच्या शिवणीत मध्यबिंदूवर एक टाचणी वरच्या टोकातून खालच्या टोकात उभी आरपार घाला आणि तशीच उभी ठेवा. ती आडवी केली की सांधा हलला. तिच्या दोन्ही बाजूंना नेहमीच्या टाचण्या लावा, मग उभी काढून घ्या. पुढे प्रश्न १४ मधला लांब टाका.

गाठीसाठी: शेवटची शिवण घातल्यावर मध्याच्या जवळ, मायेच्या आत असलेले आधीच्या शिवणीचे दोन-तीन टाके उसवा. मुख्य शिवणीला हात लावू नका. आता चारही माया एकाच दिशेने, चक्रासारख्या फिरवता येतात आणि मध्ये एक चिमुकला चौकोन उघडतो. जाडी चारी बाजूंना वाटली जाते. चार चौकोनांच्या साध्या ब्लॉकलाही हे करता येतं. तेवढ्याने नाही भागलं तर शेवटची शिवण उघडून इस्त्री करा.

१९. ब्लॉक आतून सुरेख जुळले आहेत, पण काही साडेनऊचे आणि काही सव्वानऊचे. मोठे छाटून सारखे करू का?

कडेला टोकं असलेला ब्लॉक छाटायचा नाही. छाटताना टोकावरचा पाव इंच जातो आणि पुढच्या शिवणीत टोक कापलं जातं. कडेला साधे चौकोन असतील तर सूतभर चारही बाजूंनी सारखं छाटलेलं खपतं.

लहान ब्लॉक मोठा करता येतो का बघा. नऊ घरांच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक दिशेला दोनच शिवणी असतात. त्या आधीच्या शिवणीपेक्षा अर्धा सूत कडेकडे नव्याने घालून आतली उसवली की पाव इंच परत मिळतो. ब्लॉक फार गुंतागुंतीचा असेल तर सगळ्यांनाच भोवती साधी पट्टी लावा आणि पट्टी छाटून सगळे एका मापावर आणा.

२०. ब्लॉकच्या मध्ये पट्ट्या घातल्या, तर पट्टीच्या अलीकडचे आणि पलीकडचे ब्लॉक समोरासमोर येत नाहीत.

पट्ट्या ब्लॉकला लावून उरलेलं छाटायचं, असं केलं की प्रत्येक पट्टी वेगळ्या लांबीची होते. सगळ्या पट्ट्या आधी मोजून एकाच लांबीच्या कापा आणि ब्लॉक त्यांच्यात बसवा. लांब आडव्या पट्टीवर पहिली ओळ शिवून झाली की त्या ओळीच्या प्रत्येक सांध्यासमोर, पट्टीच्या दुसऱ्या कडेवर, मोजपट्टी धरून खडूची खूण करा. दुसऱ्या ओळीचे सांधे त्या खुणांवर टाचा.

२१. ब्लॉक कोनावर उभे मांडले आहेत. कडेचे त्रिकोण लावल्यावर क्विल्टची कड झालरीसारखी झाली.

कडेचे त्रिकोण चुकीच्या दिशेने कापले गेले. क्विल्टच्या बाहेरच्या कडेला त्यांची लांब बाजू येते आणि ती सरळ धाग्यात हवी. त्यासाठी मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण काढायचे. चार कोपऱ्यांचे त्रिकोण मात्र एकाच कर्णावर कापायचे. शिवल्यावर नऊ इंच होणाऱ्या ब्लॉकसाठी बाजूंच्या त्रिकोणांना चौदा इंचाचा चौकोन लागतो आणि कोपऱ्यांना सव्वासात इंचाचा. दोन्ही थोडे मोठे कापून शेवटी छाटलेले बरे, फक्त ब्लॉकच्या टोकांच्या बाहेर पाव इंच ठेवून.

२२. षटकोन किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जोडताना तीन शिवणी एका बिंदूत येतात, तिथे चुणी पडते.

इथे नेहमीचा नियम मोडायचा. शिवण कडेपासून कडेपर्यंत न्यायची नाही. प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला, कोपऱ्यापाशी दोन्ही कडांपासून पाव इंचावर ठिपका काढा. शिवण ठिपक्यावर सुरू करा, ठिपक्यावर संपवा, दोन टाके मागे घेऊन पक्की करा. मायेत एकही टाका जाता कामा नये, कारण तिसरा तुकडा बसताना ती माया मोकळी फिरावी लागते. तिन्ही शिवणी वेगवेगळ्या घाला, कापड मशीनवर वळवून एकदम शिवायला जाऊ नका.

२३. मी सगळं हातानेच जोडते. मला यातलं काय लागू पडतं?

खरं तर तुमचं काम सोपं आहे. तुकड्याच्या उलट बाजूला शिवणीची रेघ आखलेली असते आणि तुम्ही रेघेवरच शिवता, त्यामुळे प्रश्न २ ते ७ विसरलात तरी चालेल. कोपऱ्याच्या खुणा टाचणीने आरपार जुळवा आणि रेघेच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, कडेपासून नको. वाटेत सांधा आला की माया शिवून टाकू नका: सांध्याच्या अलीकडे एक उलटा टाका घ्या, सुई मायेच्या बुडातून पलीकडे काढा, तिथे आणखी एक उलटा टाका, आणि पुढे चला. माया मोकळी राहिल्यामुळे शेवटी हवी त्या दिशेला वळवता येते. प्रश्न २२ मधले आकार हाताने शिवायला मशीनपेक्षा कितीतरी सोपे आहेत.

२४. खण, इरकल आणि रेशमी साडीचे तुकडे सुती कापडाबरोबर वापरायचे आहेत. एकही कोपरा धड येत नाही.

निसरडं कापड मापात कापलं तरी शिवताना मापात राहत नाही. रेशमी तुकड्याच्या मागे, कापण्याआधी, इस्त्रीने चिकटणारं पातळ सुती फ्यूजिंग लावा. मग ते जवळजवळ सुती कापडासारखं वागतं. जरीच्या काठावर इस्त्री थेट ठेवू नका, वर मलमलीचा तुकडा ठेवा. जाड काठ सांध्यात येणार नाही असा तुकडा निवडा, काठ चौकोनाच्या मध्यभागी घेतला तर दिसतोही जास्त छान. विटलेल्या साडीचा पदर आणि अंग यांची ताकद वेगळी असते, तेव्हा दोन्ही हातांनी ओढून बघा आणि विरलेला भाग सोडून द्या.

२५. सांधा किती चुकला तर उसवायचा?

ब्लॉक जमिनीवर ठेवा, उभं राहून बघा. नजर आपणहून त्या सांध्यावर जात असेल तर उसवा. गडद आणि फिकं समोरासमोर आलं की अर्धा सूतही दिसतो. दोन बारीक फुलांच्या छापांत सूतभरसुद्धा दिसत नाही. सगळे थर धरून घातलेल्या टाक्यांनी आणि पहिल्या धुण्याने क्विल्टला जी सुरकुती येते, तीही बरंच काही पोटात घेते.

उसवायचंच असेल तर अख्खी शिवण नको. सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर उसवा, पुन्हा बसवा आणि जुन्या टाक्यांवर चार टाके चढवून शिवा. एकाच सांध्याला तिसऱ्यांदा उसवायची वेळ आली तर थांबा. कापड तोवर ताणलेलं असतं, आणखी उसवून ते सुधारत नाही. एकतर तुकडा नवा कापा किंवा तो ब्लॉक कडेच्या ओळीत न्या.

२६. क्विल्ट पूर्ण झाली, गोटही लागला आणि आता मधोमध एक चुकलेला सांधा दिसतोय. काही करता येतं का?

फरक सूत-दीड सुताचा असेल तर वरूनच. ज्या तुकड्याचं टोक कमी पडतं आहे त्याच कापडाची एक लहानशी चिंधी घ्या, कडा मुडपून टोकाचा आकार द्या आणि त्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक तुरपाईने जागेवर बसवा. छाप असेल तर छाप जुळवून. फरक त्याहून मोठा असेल तर तिथे एखादं वर्तुळ किंवा पान लावा, पण एकच लावू नका, आणखी दोन-तीन ठिकाणीही लावा, म्हणजे ते ठिगळ वाटणार नाही.